दोन हजारांत काळं कपाट: जुन्या बाजारातून गॉथ, पंक आणि मेटल पेहराव

१९७६ च्या सुमाराला लंडनमध्ये पंकची, म्हणजे बंडखोर रॉक संगीताची आणि पेहरावाची, लाट आली. किंग्ज रोडवर व्हिव्हियन वेस्टवुड आणि माल्कम मॅक्लॅरन यांचं दुकान होतं, तिथे त्या धाटणीचे कपडे मिळायचे. पण बहुतेक पोरापोरींना ते परवडत नव्हते. मग त्यांनी जुन्या कपड्यांच्या ढिगातून शाळेचे ब्लेझर आणि बापाच्या वयाच्या माणसांचे शर्ट उचलले, फाडले, सेफ्टी पिना लावून पुन्हा जोडले. १९८२ मध्ये लंडनच्याच सोहो भागात बॅटकेव्ह हा गॉथ मंडळींचा (पंकमधून निघालेली काळी, गूढ धाटणी) क्लब सुरू झाला, तेव्हा तिथे येणारे फाटके जाळीचे मोजे कापून हातात बाह्यांसारखे घालत. सिअॅटलकडच्या ग्रंज-रॉकवाल्यांचे चौकटीचे फ्लॅनेल शर्टही असेच, कामकरी माणसांनी वापरून टाकलेले. म्हणजे हा सगळा पेहराव जुन्या कपड्यांतूनच वर आला आहे. आज ऑनलाइन दुकानात चार हजारांना तयार 'गॉथ ड्रेस' मिळतो, पण ती नंतर निघालेली आडवाट आहे.

आपल्याकडे अमेरिकेसारखी थ्रिफ्ट स्टोअर्स (वापरलेल्या कपड्यांची दुकानं) कोपऱ्याकोपऱ्यावर नाहीत. पण जे आहे ते जास्त मोलाचं आहे. जुना बाजार आहे, सरप्लसचे (कारखान्यांतून उरलेल्या मालाचे) ठेले आहेत, आणि मुख्य म्हणजे गल्लीत अल्टर करणारे काका, रफूगर, रंगारी आणि बूट शिवून देणारे गटई कामगार आहेत. परदेशात ज्या कामाला कपड्याच्या किमतीपेक्षा जास्त पैसे पडतात, ते इथे खिशाला झेपतं. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझं एकच सांगणं आहे: कपडा तयार शोधू नका, तयार होऊ शकेल असा शोधा. रंग बदलता येतो. लांबी, बाही, कॉलर, बटणं, सगळं बदलता येतं. खांद्याचं माप आणि कापडाचा जीव या दोन गोष्टी मात्र बदलत नाहीत. पुढचं सगळं याच हिशोबाने लिहिलं आहे.

आधी घरातलं कपाट

बाजारात जायच्या आधी घरच्यांना विचारून जुनी कपाटं आणि ट्रंका उघडा. वडिलांचा किंवा काकांचा जुना कोट, सफारी सूट, आईचं काळ्या मखमलीचं पोलकं, कुणाचा तरी शाळेचा ब्लेझर. मुंबईत १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉकच्या मैफली व्हायच्या, आणि धोबीतलावच्या रंगभवनात काळ्या टी-शर्टांची गर्दी वर्षानुवर्षं जमायची. त्या पिढीतलं कुणी नात्यात असेल तर जरूर विचारा. असा टी-शर्ट मिळाला तर तो कापू नका, जसा आहे तसा घाला.

आजीची चंद्रकळा निघाली तर तुमच्यासारखं नशीबवान कुणी नाही. काळं अंग आणि तांबडा काठ असलेलं ते लुगडं गॉथ पेहरावाला इतकं शोभतं की परदेशातल्या माणसाने हेवा करावा. धड असेल तर तिला कात्री लावू नका. काळ्या कोटाखाली नेसा, किंवा लांब ओढणीसारखी घ्या. घडीवर विरलेली असेल तरच काठ सोडवून कोटाच्या बाहीला किंवा स्कर्टच्या घेराला लावायचा, तोही आजीला विचारून.

घरात काळ्याला विरोध होणार हे गृहीत धरा. संक्रांत सोडली तर सणावाराला काळं चालत नाही, हे आपल्याकडे अजूनही मानतात. त्यावर भांडण्यापेक्षा मंगलकार्यापुरता वेगळा जोड ठेवलेला बरा. आणि संक्रांतीचा फायदा करून घ्या. जानेवारीच्या सुरुवातीला बाजार काळ्या साड्या, कुर्ते, ओढण्यांनी भरतो आणि सण उलटला की उरलेल्या मालावर घासाघीस करायला जागा मिळते. काळ्या कापडासाठी वर्षातला तो सगळ्यात चांगला आठवडा.

यादी आणि पैसे

बाजारात यादीशिवाय गेलं की पिशवी भरते आणि घालायला काहीच नसतं. पहिल्या फेरीसाठी पाच वस्तू पुरेत: एक जॅकेट किंवा कोट, एक पँट किंवा स्कर्ट, वर घालायचे दोन कपडे आणि बूट. दोन हजार रुपये हातात असतील तर साधारण सातशे बुटांना, पाचशे जॅकेटला, चारशे बाकीच्या कपड्यांना काढा आणि चारशे बाजूला ठेवा. हे शेवटचे चारशे रंग, अल्टर, चेन, बटणं यांसाठी. ते बाजारात खर्च करायचे नाहीत, समोर काहीही दिसलं तरी.

पहिल्यांदा एकच धाटणी निवडा. गॉथ हवं असेल तर मखमल, लेस, जाळी, लांब घोळदार कपडे आणि उंच कॉलर शोधा. पंकला चौकडा, कातरलेले ब्लेझर, घट्ट पँट. मेटलला, म्हणजे जड, कर्कश रॉकच्या धाटणीला, बिनबाह्यांचं डेनिम जॅकेट आणि काळे टी-शर्ट. ग्रंज सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सोपं: मोठा चौकटीचा शर्ट, विटलेली जीन्स. पुढे तुम्ही या सगळ्यांची सरमिसळ करालच, आणि करावीच. पण पहिल्या पाच वस्तू एकमेकींबरोबर घालता आल्या पाहिजेत.

कुठे जायचं

पुण्यात जुना बाजार. मंगळवार पेठेत, कुंभार वेशीजवळ, बुधवारी आणि रविवारी भरतो. लोखंडी अवजारं, नाणी, घड्याळं, फर्निचर आणि यांच्या मधेच कपड्यांचे आणि बुटांचे ढीग. कपडे इथे मांडून ठेवलेले नसतात, उपसावे लागतात. सकाळी लवकर गेलात तर निवड मिळते, संध्याकाळी आवराआवरीच्या वेळी भाव मिळतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने सकाळी जावं. कॅम्पातली फॅशन स्ट्रीट वेगळी. तिथे बहुतेक माल नवा असतो, थोडा सरप्लस, बराचसा नक्कल. काळी जीन्स, साधे काळे टी-शर्ट आणि पट्टे यांसाठी ती बरी.

साखळ्या, कड्या, बकल, मणी यांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी. हार्डवेअरच्या दुकानात साखळी मापाने कापून मिळते. 'पंक नेकलेस' म्हणून ऑनलाइन विकली जाते तीच साखळी, फक्त पुठ्ठ्यावर अडकवलेली नसते.

मुंबईत चोर बाजाराची मटन स्ट्रीट. दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो, आणि आपल्या कामाचा तोच. पहाटेच निघा. आझाद मैदानाजवळच्या फॅशन स्ट्रीटवर सरप्लस मिळतो. कुलाबा कॉजवेवर ऑक्सिडाइज्ड दागिने भरपूर, पण पर्यटकांचा भाव सांगतात. लेस, गोंडे, बटणांसाठी भुलेश्वर आणि मीटरवर कापडासाठी मंगलदास मार्केट. गोव्यात हणजुणेचा बुधवारचा बाजार हिप्पींच्या काळापासून प्रसिद्ध आहे. तिथे आता भाव चढे आहेत, शिवाय पावसाळ्यात तो भरत नाही. फिरायला गेलात तर पाहा, मुद्दाम खरेदीला जाऊ नका.

आणि आता ज्या जागा सहसा कुणाच्या डोक्यात येत नाहीत त्या. कोर्टाच्या आसपासची वकिलांच्या कपड्यांची दुकानं: साधा, सरळ, काळा कोट तिथे बाराही महिने असतो आणि लग्नाच्या ब्लेझरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. बाही चढवा, कॉलर वर करा, मागे लेस लावा. गॉथ कोट झाला. दुसरी जागा म्हणजे नाटकांना कपडे पुरवणारे ड्रेपरीवाले. ते भाड्याने देतात, पण जीर्ण झालेला माल विकायला काढता का, असं विचारायला काय हरकत आहे? तिसरी, लग्नाच्या वरातीतले बँडवाले. सोनेरी दोऱ्या, खांद्यावर झालर, दोन रांगा पितळी बटणं. असा कोट परदेशात फार महाग जातो. गणवेश बदलताना जुने काय करता, ते मालकाला नीट विचारा.

एक सावधगिरी. जुन्या बाजारात लष्करी कपडेही दिसतात. साधा ऑलिव्ह हिरवा शर्ट, पट्टा, पिशवी ठीक आहे. पण लष्कराच्या सध्याच्या गणवेशाची नक्षी असलेलं काही घेऊ नका. २०२२ मध्ये आलेली नवी नक्षी लष्कराने स्वतःच्या नावे नोंदवली आहे, तिचा बिनपरवाना माल बनवणं-विकणं बेकायदा आहे, आणि सैनिक आहोत असं भासवण्यासाठी तसा वेष करणं हा गुन्हाच आहे.

ढिगासमोर उभं राहिल्यावर

डोळ्यांच्या आधी हात चालवा. ढिगात रंग आणि छापील नक्षी फसवतात, बोटं फसवत नाहीत. मखमल, जाड डेनिम, लोकर, कॉर्डरॉय, सॅटिन हे नुसत्या स्पर्शाने कळतात. हाताला जे चांगलं लागेल तेवढंच बाहेर ओढा आणि मग बघायला लागा.

सगळ्यात आधी खांदा. कपडा अंगावर चढवून किंवा पाठीला लावून बघा. खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडावर यायला हवी. मुद्दाम ढगळ हवं असेल तर ती खाली उतरली तरी चालेल, पण आत आली तर तो कपडा ठेवून द्या, कितीही सुंदर असला तरी. कोटाचा खांदा उसवून नवा बसवणं हे मोठं काम आहे. चांगला शिंपीही ते आनंदाने करत नाही. छाती, कंबर, लांबी मात्र आत घेता येते. बाहेर काढता येते का, ते पाहायला कपडा उलटा करा आणि शिवणीच्या आत किती कापड सोडलंय ते बघा. शिंप्याने शिवलेल्या जुन्या कपड्यांत बऱ्याचदा भरपूर दाब ठेवलेला असतो, तयार कपड्यांत जेमतेम. पँटमध्ये कंबरेपासून दोन्ही पाय जुळतात तिथपर्यंतची उंची बघा, तीही मागाहून बदलत नाही.

पुरुषांचा आणि बायकांचा ढीग असा भेद करू नका. मुलींसाठी सगळ्यात चांगले कोट पुरुषांच्या ढिगात असतात आणि मुलांसाठी जाळीचे, लेसचे, मखमलीचे वरचे कपडे बायकांच्या. लेबलवरच्या आकड्याकडे दुर्लक्ष करा. घरून निघताना मोजपट्टी खिशात टाका, आणि तुमच्या नीट बसणाऱ्या एका शर्टचं एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचं माप फोनमध्ये लिहून ठेवा. कपडा जमिनीवर सपाट पसरून तेच माप घेतलं की घालून बघायची गरज बऱ्याच वेळा उरत नाही, आणि या बाजारांत घालून बघायला आडोसा नसतोच.

मग उजेडाकडे धरा. विरलेलं कापड उजेडात लगेच दिसतं, विशेषतः मांडीचा आतला भाग, कोपर आणि बूड. काखेतला डाग पिवळा असेल तर धुऊन जाईलच असं नाही, पण तुम्ही तो काळा रंगवणार असाल तर फारसं बिघडत नाही. फक्त तिथलं कापड बोटांनी ताणून बघा. घामाने ते कुजलेलं असेल तर लगेच फाटतं. चेन दोनदा वरखाली करा. दात शाबूत असतील आणि नुसता रनर ढिला असेल तर तो बदलणं किरकोळ काम आहे. दात तुटले असतील तर पूर्ण चेन बदलावी लागेल, त्याचे पैसे मनात वजा करूनच भाव सांगा. सरप्लसच्या मालात दोन्ही बाह्या समान आहेत ना ते एकमेकींना लावून बघा. तो माल बऱ्याचदा अशाच एखाद्या दोषामुळे परत आलेला असतो.

लेदर जॅकेट हे सगळ्यांचंच स्वप्न. तिरकी चेन असलेलं पहिलं मोटरसायकल जॅकेट न्यूयॉर्कच्या अर्व्हिंग शॉट यांनी १९२८ मध्ये काढलं. आजच्या पंक आणि मेटल जॅकेटांचं घराणं तेच. जुन्या बाजारात 'लेदर' म्हणून सांगतात त्यातलं बरंच रेक्झिन असतं. कापलेली कड किंवा खिशाच्या आतली बाजू बघा: खऱ्या कातड्याची मागची बाजू तंतूंची, लवदार असते, रेक्झिनच्या मागे विणलेलं कापड दिसतं. रेक्झिन वाईट असं मी म्हणणार नाही, पण त्यावरचा पॉलियुरेथेनचा थर आपल्या दमट हवेत काही वर्षांत सुटायला लागतो. कोपरावर, कॉलरवर एक जरी पोपडा दिसला तरी घेऊ नका. एकदा सुरू झालं की ते थांबत नाही आणि त्यावर इलाज नाही. खरं कातडं कोरडं पडलेलं असलं तरी पुन्हा मऊ करता येतं. फक्त घडीवर चिरा गेलेल्या नकोत.

भाव करताना

"मावशी, याचं काय घ्यायचं?" एवढ्याने सुरुवात करा. भाव ऐकून लगेच अर्ध्यावर येऊ नका. कपड्यातली खोट दाखवा आणि मग तुमचा आकडा सांगा. "रनर गेलाय, अस्तर उसवलंय, दोनशेला द्या." दोन-तीन कपडे एकत्र घेतले तर बोलायला जागा मिळते. सकाळी भवानीच्या वेळेला विक्रेत्यांना पहिलं गिऱ्हाईक सोडायचं नसतं, पण म्हणूनच त्या वेळी फार ताणू नये असं मला वाटतं. हे कपडे दारोदार फिरून, भांड्यांच्या बदल्यात गोळा करणाऱ्या बोहारणी आणि त्यांची घरं या धंद्यावर जगतात. ते निवडायचे, धुवायचे, सांधायचे, मग बाजारात आणायचे, एवढे कष्ट त्या ढिगामागे असतात. शेवटच्या वीस रुपयांसाठी त्यांना छळू नका. उलट ओळख ठेवा. "मखमल आली तर माझ्यासाठी ठेवाल का मावशी?" असं सांगून ठेवलंत आणि पुढच्या खेपेला खरंच गेलात, तर वेगळी काढून ठेवलेली पिशवी मिळू शकते.

सुट्टे पैसे न्या. पाचशेची नोट काढून पन्नास रुपये कमी करा म्हणणं शोभत नाही.

घरी आणल्यावर

"कुणाचे कोण जाणे, मेलेल्या माणसाचेही असतील" हे वाक्य घरात ऐकू येणार. त्या शंकेचा आदर ठेवून सांगा, की कपडा घरात येण्याआधीच धुतला जाईल, आणि खरंच तसं करा. पिशवी गॅलरीतच उघडा. सुती, डेनिम, पॉलिस्टर असलं सगळं साबणाच्या गरम पाण्यात बुडवून ठेवा. साठ अंशांचं पाणी ढेकूण आणि त्यांची अंडी दोन्ही मारतं. लोकर आणि मखमल गरम पाण्यात घालता येत नाही. ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवायची, मग बाहेर काढून थंड पाण्यात हलक्या हाताने धुवायची. डांबरगोळ्यांचा वास धुण्याने जात नाही, वाऱ्याने जातो. सावलीत चार दिवस टांगून ठेवा. कातडं पाण्यात कधीही बुडवायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, वाळलं की कातड्याचं क्रीम लावायचं.

काळं करणं

माझ्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपातला सर्वांत आनंदाचा भाग हाच. रंग जमला की बाजारातला कुठल्याही रंगाचा कपडा तुमचा होतो. गुलाबी लेसचं पोलकं, पिवळा सुती घागरा, विटकी जीन्स, जे इतर कुणी उचलत नाही तेच स्वस्तात मिळतं.

पण आधी धागा ओळखा. आतल्या शिवणीतून एक दोरा काढा, चिमट्यात धरा आणि पाण्याच्या भांड्यावर जाळा. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख आली तर सुती, लिनन किंवा रेयॉन. केस जळल्याचा वास आला तर रेशीम किंवा लोकर. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर किंवा नायलॉन. घरगुती रंगाच्या पुड्या सुती आणि रेयॉनवर छान चढतात, पॉलिस्टरवर जवळजवळ नाही. त्याला वेगळे डिस्पर्स रंग आणि उकळता हौद लागतो, ते काम घरी करू नका. मिश्र कापड करडं होतं. सुती कपड्याची शिलाई बऱ्याचदा पॉलिस्टरच्या दोऱ्याची असते, त्यामुळे कापड काळं होतं आणि टाके मूळ रंगाचे राहतात. मला ते फार आवडतं. पंक जॅकेटवर मुद्दाम करावं असं ते दिसतं.

घरी रंगवायचं तर जुनं, स्वयंपाकात पुन्हा न वापरायचं मोठं पातेलं घ्या. हातमोजे घाला. कपडा स्वच्छ धुऊन ओलाच ठेवा, कोरडा कपडा डाग धरतो. पुडी आधी वाटीभर गरम पाण्यात विरघळवा, मग पातेल्यात ओता. कपडा मोकळा तरंगेल एवढं पाणी हवं. सुती कापडाला पुडीवर लिहिल्याप्रमाणे मीठ घाला, मीठ रंगाला धाग्याकडे ढकलतं. मंद आचेवर पाऊण तास सतत हलवत राहा. हलवायचं सोडलंत की ठिपके पडलेच. मग पाणी नितळ येईपर्यंत खळबळा. शेवटी व्हिनेगर घातलं की रंग पक्का होतो असं अनेक जण सांगतात, पण सुती कापडावर त्याचा उपयोग नाही. काळ्यासाठी नेहमीपेक्षा दुप्पट पुडी घ्या, नाहीतर करडा-जांभळा रंग येतो.

हे नको असेल तर सरळ रंगाऱ्याकडे जा. साडीला जुळणारी ओढणी रंगवून देणारे कारागीर कापडपेठांच्या आसपास अजूनही आहेत, आणि काळा ही त्यांना रोजची गोष्ट आहे.

आणि ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी जुनी रीत: हिरडा आणि लोखंड. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात जो हिरडा गोळा होतो, त्यातल्या टॅनिनचा लोखंडाशी संयोग झाला की करडा ते गडद काळा रंग उतरतो. कलमकारीतली काळी रेघही मुळात लोखंड आणि गुळाच्या आंबवलेल्या पाण्याची. अर्धा किलो सुती कापडाला शंभर ग्रॅम हिरड्याची पूड रात्रभर पाण्यात भिजवून गाळा, त्यात कापड तासभर बुडवा, पिळून न धुता सावलीत वाळवा. मग वेगळ्या बादलीत पंधरा ग्रॅम हिराकस (लोखंडाचा क्षार, फेरस सल्फेट) विरघळवून त्यात कापड पाच-दहा मिनिटं फिरवा. कापड डोळ्यांसमोर काळवंडायला लागतं. लगेच भरपूर पाण्यात धुवा. हिराकस जास्त झालं किंवा कापड त्यात फार वेळ राहिलं तर धागा कमकुवत होतो, म्हणून रंग कमी वाटला तर दोन्ही टप्पे पुन्हा करा, हिराकस वाढवू नका. हा काळा बाजारातल्या काळ्याइतका गर्द नसतो, धुराकडे झुकणारा असतो, आणि मलमलीवर फार सुंदर दिसतो.

उलट्या दिशेने, काळ्या डेनिमवर ब्लीचचे डाग पाडायचे असतील तर ते फक्त सुतीवर, उघड्या हवेत, हातमोजे घालून करा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं आम्ल कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

कात्री, सुई, साखळी

डेनिम जॅकेटच्या बाह्या काढताना शिवणीवर कात्री चालवू नका. शिवणीबाहेर अर्धा इंच सोडून कापा. शिवण शाबूत राहिली तर कड हवी तेवढीच सुटते. बँडचे पॅच (नाव किंवा चित्र असलेले कापडी तुकडे) चिकटवण्यापेक्षा हाताने शिवा. बूट शिवणाऱ्यांकडे मेण लावलेला जाड दोरा मिळतो, तो डेनिमवर वर्षानुवर्षं टिकतो. पाठीवरचा मोठा पॅच आधी टाचण्या लावून बसवा, जॅकेट घालून आरशात बघा, मगच शिवा. पॅच विकत घ्यायलाच हवेत असं नाही: जुन्या टी-शर्टवरचा छाप कापून, कडा दुमडून शिवला की झालं. आणि ज्या बँडची गाणी ऐकत नाही त्याचा पॅच लावू नका. या मंडळींत ते लगेच ओळखलं जातं आणि ते योग्यच आहे.

अल्टर काकांकडे जाताना कपडा घालून दाखवा, खडूने खूण करून घ्या आणि नेमकं सांगा: "काका, कंबरेत दोन्ही बाजूंनी दीड इंच आत, खांद्याला हात लावू नका." जुनी काळी बटणं बदलून पितळी लावली तरी कोटाचा नूर पालटतो.

दागिन्यांत ऑक्सिडाइज्ड बांगड्या, जोडवी अंगठीसारखी हाताच्या बोटात, जाड वाळे मनगटात. बंजारा धाटणीचे पांढऱ्या धातूचे दागिने गॉथ पेहरावावर उत्तम बसतात, पण तो कुणाच्या तरी आज्यांचा वारसा आहे हे लक्षात ठेवून घाला आणि शक्यतो करणाऱ्यांकडूनच घ्या.

बूट

पुढे पंकवाल्यांनी उचललेला डॉक्टर मार्टन्सचा आठ भोकांचा बूट १ एप्रिल १९६० रोजी बाजारात आला, तो कामगारांसाठी. आपणही कामगारांच्या बुटांकडेच जाऊया. कारखान्यांसाठीचे काळे, उंच, पोलादी टोपीचे सेफ्टी शूज भोसरी-चिंचवडसारख्या औद्योगिक भागातल्या दुकानांत नवे मिळतात, मजबूत असतात आणि लाल किंवा जांभळी लेस ओवली की कुणाला शंका येत नाही. वजन जास्त असतं, त्यामुळे दुकानात चालून बघा. वापरलेले बूट घेताना तळ वाकवून बघा. बरीच वर्षं पडून राहिलेल्या बुटाचा पॉलियुरेथेनचा तळ भुगा होऊन सुटतो. रबराचा तळ टिकतो. शिवलेला तळ चिकटवलेल्यापेक्षा बरा, कारण तो पुन्हा शिवता येतो. आतला पातळ तळवा काढून टाका आणि नवा घाला.

ऑनलाइन थ्रिफ्ट पेजेस

इन्स्टाग्रामवर बरीच आहेत, काही खरोखर मेहनतीने निवडलेला माल ठेवतात. सपाट पसरून घेतलेली मापं इंचात मागा, खोट असेल त्या जागेचा फोटो मागा, कुरिअरचे पैसे किमतीत धरले आहेत का ते विचारा. बहुतेक जण माल परत घेत नाहीत. लेदर आणि बूट इथून घेऊ नका, ते हातात घेऊनच घ्यायचे.

घालायला लागल्यावर

मे महिन्यात मखमल आणि कातडं अंगावर घेऊन लोकलमध्ये चढू नका. उन्हाळ्यात काळी मलमल, सैल बाह्या, जाळीची ओढणी, गळ्यात साखळी. एवढ्यानेही पेहराव पुरा होतो. रात्रीच्या मैफलीला जायचं असेल तर जॅकेट पिशवीत न्या. गर्दीच्या डब्यात पट्ट्यावरचे टोकदार स्टड (धातूचे काटे) दुसऱ्याला लागतात, ते मनगटावरून काढून ठेवलेले बरे.

पावसाळा सुरू व्हायच्या आधी कातडी जॅकेट आणि बूट पुसून, क्रीम लावून, सुती पिशवीत भरून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दर पंधरा दिवसांनी, ऊन पडलं की, सगळं बाहेर काढून वारं लागू द्या.